नऊ जणींचं एकच गिऱ्हाईक

"पॅडचा एक मोठा पुडा द्या. आणि ती काळी पिशवी नको."

मी काही ओरडून म्हणाले नव्हते. पावशेर शेंगदाणे मागावेत तितक्याच आवाजात म्हणाले. पण खोकल्याचं औषध घ्यायला आलेले दोघे आजोबा एकदम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळले आणि डिसेंबर महिना पाठ करू लागले. काउंटरमागच्या मुलाचा हात काळ्या पिशवीपर्यंत पोचला होता... तो तिथंच थबकला.

"मग... नेणार कशात?"

"हातात. लोक ब्रेड नेतात ना, तसा."

त्यानं पुडा माझ्यापुढे ठेवला. कान लाल झालेले, पण ओठांच्या कोपऱ्यात एक हसू आलेलं, आणि ते दाबताना बिचाऱ्याची फार धांदल उडालेली.

"ब्रेडबरोबर अजून काही? लोणी?"

"दुकान औषधाचं आहे की बेकरी?"

"तुम्ही म्हणाल ते की ओ."

नवी पेठेच्या गर्दीतून तो पुडा हातात घेऊन मी भवानी पेठेतल्या आमच्या होस्टेलवर चालत आले. चौदा जणांनी पाहिलं. त्यातल्या अकरांनी पाहिलंच नाही असं दाखवलं. मी मोजलं. मी माळशिरसची, शेतकऱ्याची मुलगी, शिकायला बी.कॉम. — आमच्याकडे ऊस वजनकाट्यावर जोखतात आणि माणसं नजरेनं. नाव संस्कृती. असल्या नावाच्या मुलीनं असला पुडा असा मिरवत आणावा, यावर जे विनोद व्हायचे ते होस्टेलमध्ये त्याच संध्याकाळी होऊन गेले, त्यामुळे तुम्ही आता नवा शोधायच्या भानगडीत पडू नका.

विनोद संपले आणि मग एकेक जण हळूच माझ्या खोलीत येऊ लागली.

"तू जाणारच आहेस ना मेडिकलात... मग माझं पण आणशील?"

माझ्याशिवाय होस्टेलमध्ये नऊ जणी. रस्त्यावर रिक्षावाल्याशी भांडतील, परीक्षेत पर्यवेक्षकाला हातोहात फसवतील, पण मेडिकलच्या पायरीवर पाय ठेवला की नवाच्या नवांना खोकला होतो. मग खोकल्याची गोळी घेऊन परत! म्हणून रीत पडली. माझ्या उशीखाली घडी केलेली चिठ्ठी आणि नोट ठेवायची, नाव लिहायचं नाही, मी संध्याकाळी उचलणार, आणून तिथंच ठेवणार. कोणती चिठ्ठी कोणाची, हे मी विचारायचं नाही. मला नवांचीही अक्षरं पाठ होती, पण ते मी आजवर कोणाला कळू दिलेलं नाही. आता तुम्हाला सांगितलं, तुमच्यापाशीच ठेवा.

तर अशा रीतीनं मी चनमल्लप्पा मेडिकलची ठरलेली गिऱ्हाईक झाले. मालक चनमल्लप्पा, म्हणजे सगळ्यांचे अप्पा, गल्ल्यावर बसायचे. मुलाशी कानडी, माझ्याशी मराठी, यंत्रमागावरच्या बायकांशी तेलुगू आणि उधारी मागायला आलेल्यांशी मौन. मुलाचं नाव प्रभुलिंग. आजोबांचं नाव ठेवलेलं. बी.फार्म. होऊन दुकानात उभा राहिलेला, चोवीस वर्षांचा, आवाज एवढा हळू की औषधाचे डोस पण गुपित सांगितल्यासारखे सांगायचा.

मी यायचे आणि यादी वाचायचे. पॅड. खाजेचं मलम. गरोदरपणाची तपासणी करायची पट्टी. एकदा कंडोमचं पाकीट. एकदा ती बहात्तर तासांच्या आत घ्यायची गोळी. पैसे जमा झाले की ओरडून सांगणारं एक खोकं त्यांच्या काउंटरवर होतं. मी आले की प्रभुलिंग त्याचा आवाज बारीक करायचा. मी सांगितलं नव्हतं. मी फक्त टिपून ठेवलं.

एकदा यादी वाचताना शेजारी कोण उभं तर गावचे बिरुदेव मामा. टेम्पो घेऊन नवी पेठेत माल टाकायला येतात.

"काय मामा, बरं आहे ना?"

"हां हां... बरं हाय, लई बरं हाय," म्हणत मामा डोकेदुखीची गोळी न घेताच पळाले. ते पळणं माळशिरसपर्यंत जाणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तिसऱ्या आठवड्यात मी परत ती बहात्तर तासांची गोळी मागितली. प्रभुलिंगनं ती काढली, पण हातात दिली नाही.

"एक बोलू? रागावणार नसाल तर..."

"रागवायचं का ते ऐकल्यावर ठरवीन."

"ही गोळी अडीअडचणीची आहे." आवाज आणखी खाली गेला. "तीन आठवड्यांत दुसऱ्यांदा नेताय. हिनं पाळी मागंपुढं होते. नेहमीसाठी दुसरे उपाय असतात, जास्त भरवशाचे आणि एवढे महागही नाहीत. हे सांगणं माझं काम आहे. बाकी... तुमचं तुम्ही."

माझ्या जिभेवर आलं होतं — माझ्यासाठी नाही हो! पण जगात सगळेच असं म्हणतात. आणि माझ्यासाठी नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, मग कोणासाठी? मी ओठ मिटले आणि त्याच्याकडे रोखून पाहिलं. नजरेत काय आहे ते शोधलं. कीव? नव्हती. उपदेश? चिमूटभर. घाण काही? अजिबात नाही. काळजी होती, आणि ती लपवायचा एक फसलेला प्रयत्न.

"गोळीबरोबर सल्ला फुकट का?"

"दुकान नवीन चालवतोय. योजना आहे."

"मग मला ते नेहमीचे उपाय सांगा. नीट. सगळे."

त्यानं एका बिलाच्या पाठीमागे लिहून दिलं — उपाय, किंमत, कुठे फुकट मिळतं, कशाला डॉक्टर लागतो. लिहिताना मान वर केली नाही. मी पण त्याच्या मानेवरून नजर हलवली नाही, हे त्याला दिसलं नाही तेवढं बरं. तो कागद होस्टेलमध्ये नऊ हातांतून फिरला आणि परत आला तेव्हा घड्यांवर फाटला होता.

संक्रांत आली. गड्ड्याच्या यात्रेचे पाळणे लागले, सगळं सोलापूर तिकडे लोटलं, आणि मी मात्र बिनचिठ्ठीची एकदा मेडिकलात गेले. लिमलेटच्या गोळ्या घ्यायला. मेडिकलात!

"आईनं शेंगापोळी केलीय," प्रभुलिंग म्हणाला आणि डबा उघडून पुढे केला. "ही पण गोडच असते."

"ही पण योजना?"

"नाही. ही फक्त तुम्हाला."

मी अर्धी तिथंच खाल्ली. उरलेली अर्धी रस्त्यात, फार सावकाश.

*

माझ्या खोलीत माझ्याबरोबर वैदेही राहायची. बार्शीच्या मास्तरांची मुलगी, अक्षर मोत्यासारखं. एका शनिवारी त्या अक्षरातली चिठ्ठी उशीखाली नव्हती. तिनं हातातच दिली. 'रक्त थांबायची गोळी. कंबर दुखायची गोळी.'

"किती दिवस झाले?" मी रीत मोडून विचारलं.

"अठरा. आधी तीन महिने आलीच नव्हती. आता थांबत नाही." ती भिंतीला टेकून उभी होती, ओठ पांढरे. "तू आण ना गं. थांबेल."

मी गेले. अठरा दिवस झालेत, एवढंच सांगितलं. प्रभुलिंगनं चिठ्ठी वाचली आणि उलटी करून काउंटरवर ठेवली.

"हे देत नाही."

"का?"

"अठरा दिवस अंगावर काढणं बरं नाही. डॉक्टरला दाखवा. स्त्रियांच्या डॉक्टरला. मी तुम्हाला गोळी दिली तर मी—" तो थांबला. "मी तुमचं वाईट करीन."

तुमचं! त्याला वाटत होतं, ती मीच. मी ते खोडून काढलं नाही. उलट रागच आला.

"डॉक्टरची फी सहाशे. मग म्हणणार सोनोग्राफी करा. ती बाराशे-पंधराशे. महिनाअखेरपर्यंत जवळ तीनशे चाळीस आहेत. घरी मागायचे तर कशाला ते सांगावं लागतं. सांगितलं तर आधी बोलणी बसतात, औषध त्यानंतर. सांगा, कुठे दाखवू?"

पलीकडे अप्पा नोटा मोजायचे थांबले.

"बुधवारपर्यंत कळ काढता येईल का?" प्रभुलिंग म्हणाला. "मी काहीतरी बघतो. पण तोवर चक्कर आली, जास्त जायला लागलं, तर बुधवारची वाट बघायची नाही. सरळ सिव्हिलला. मला फोन करा, मी रिक्षा घेऊन येतो."

"तुम्ही कशाला?"

"रिक्षावाले वाजवी भाव लावत नाहीत," तो म्हणाला आणि उगाचच शेजारचं शेल्फ पुसायला लागला.

बुधवारी मी पाहिलं तर दुकानाच्या जिन्याशी पाटी लागली होती. डॉ. अनसूया. कॉलेजच्या मुलामुलींसाठी, दर बुधवारी तीन ते पाच, वीस रुपये. पाळी, गर्भनिरोधन, गुप्त आजार — काहीही विचारा.

डॉक्टरबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला दुकानात यायच्या. प्रभुलिंगनं चार दिवस त्यांची पाठ धरली होती. वरच्या मजल्यावरची सलाईनची खोकी हलवून, जागा झाडून, दोरीला सोलापुरी चादरीचा पडदा लावून त्यानं तपासायची खोली केली होती. आणि अप्पा? अप्पांनी पाटी दोनदा वाचली, कानडीत काहीतरी पुटपुटले. मला वाटलं, आता उतरवतात.

"अक्षर बारीक झालंय," ते मुलाला म्हणाले. "चष्म्याशिवाय वाचता येत नाही. मोठं कर."

पाटी मोठी झाली. पण जिना मोकळाच. साडेतीनला मी चढले, हातात नऊ चिठ्ठ्या. वैदेहीची पण त्यातच. तिनं हात जोडून सांगितलं होतं — तूच विचारून ये ना गं.

डॉक्टरबाईंनी चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या टेबलावर मांडल्या. "यातली तू कोणती?"

"एकही नाही."

"मग तपासू कोणाला? कागदाला स्टेथोस्कोप लावू?" त्यांनी चष्मा काढला. "बाळ, तुला वाटतं तू त्यांना मदत करतेस. करतेसच. पण तुझ्यामुळे नऊ जणींना तोंड उघडायची गरजच पडत नाही. तू जीभ झालीस सगळ्यांची. मी या गुडघ्यांनी जिना चढते ते एका मुलीच्या नऊ चिठ्ठ्या वाचायला नाही. आज कोणी आलं नाही, तर पुढच्या बुधवारी मी पण येणार नाही. आणि ही" — त्यांनी मोत्यासारख्या अक्षरावर बोट ठेवलं — "हिला आत्ता आण. आत्ता म्हणजे आत्ता."

मला आयुष्यात कोणी इतक्या प्रेमानं झापलं नव्हतं. मी उठले, चिठ्ठ्या पर्समध्ये कोंबल्या, धावत होस्टेल गाठलं, वैदेहीला अक्षरशः पलंगावरून ओढलं, आणि सव्वाचारला रिक्षातून दुकानाशी उतरले. प्रभुलिंगनं आम्हाला जिना चढताना पाहिलं. त्याला वाटलं, मैत्रीण सोबतीला आलीय. माझ्याकडे बघून त्यानं जरा मान हलवली... बरं केलंत, अशी.

वैदेही पडद्याआड गेली. मी बाहेर स्टुलावर. वरच्या मजल्याची जमीन म्हणजे फळ्या. खाली औषधाची बाटली ठेवली तरी वर कळायचं. आणि खालून एक ओळखीचा आवाज आला.

"पोरा, माळशिरसच्या मगराची पोरगी हितं येती का?"

अण्णा! माझे वडील, धोंडीराम मगर. गड्डा बघायचं निमित्त करून आलेले. मला न विचारता आधी दुकानात.

"पुष्कळ जण येतात की, काका. बसा. पाणी देऊ?"

"पानी नगं. काय नेती ती?"

"ते सांगता येत नाही."

"मी बाप हाय तिचा."

"मग तिलाच विचारा ना. तुम्हाला सांगेल."

"तिला इचारायचं असतं तर तुज्याकडं कशाला आलो असतो? बिरुदेव म्हनला, सारखी गोळ्या नेती. कसल्या गोळ्या? खरं सांग, न्हाईतर आज तिचं सामान भरून गावाकडं न्हेतो. शिकली तेवडं लई झालं."

माझं वर्ष, माझी परीक्षा, माझं सोलापूर... सगळं त्या एका वाक्यात पोत्यात भरल्यासारखं झालं. मी फळ्यांकडे बघत राहिले. मग प्रभुलिंगचा तो हळू, न हलणारा आवाज.

"काका, उद्या तुम्ही माझ्याकडनं काही नेलंत आणि बिरुदेव मामा विचारायला आले, तर त्यांना पण मी हेच सांगणार. नाही सांगत म्हणून."

"तुजं आन तिजं काय हाय?"

"सध्या ती गिऱ्हाईक, मी दुकानदार."

"सध्या?"

"होय. पुढचं तिला अजून विचारलेलं नाही."

पडद्यातून डॉक्टरबाईंनी डोकं बाहेर काढलं. "तुझं पण ब्लडप्रेशर बघू का?"

मी जिना उतरले. अण्णांनी मला वरून खाली पाहिलं, मग जिन्याकडं, मग पाटीकडं. पाटी मोठ्या अक्षरात होती. अण्णांना वाचायला चष्मा लागला नाही.

"ह्ये काय गं?"

माझ्या पर्समध्ये नऊ चिठ्ठ्या. एक काढून दाखवली असती तरी भागलं असतं. अण्णा अक्षर ओळखतात माझं. नऊ वेगळी अक्षरं बघून त्यांना पटलंच असतं. माझा हात पर्सपर्यंत गेला. आणि तिथंच राहिला.

"अण्णा, जे नेलं ते कोणाच्यातरी गरजेचं होतं. त्यात चोरी नाही, पाप नाही. कोणासाठी, ते मी सांगणार नाही."

"म्हंजे तुज्यासाटी न्हाय?"

"ते पण सांगणार नाही."

मी प्रभुलिंगकडे पाहिलं. त्याला अजूनही काहीच कळलेलं नव्हतं. आणि तरीही तो काउंटरमागून बाहेर येऊन माझ्या बाजूला उभा होता. एका फुटाच्या अंतरावर. त्या एका फुटाचं काय करावं ते मला कळेना.

"चल मग," अण्णा म्हणाले. "सामान भर."

"काका, थांबा."

वैदेही. कठडा धरून एकेक पायरी उतरत होती. चेहरा कागदासारखा, पण आवाज मी कधीच ऐकला नव्हता असा.

"गोळ्या माझ्यासाठी होत्या. बावीस दिवस झाले, माझी पाळी थांबत नाही. मला लाज वाटत होती म्हणून हिला पाठवत होते. माझ्यासारख्या नऊ जणी आहेत होस्टेलवर. ही नसती ना, काका, तर आम्ही कोणीच..." तिला दम लागला. "हिला नेऊ नका."

अप्पांनी स्टूल सरकवलं. अण्णा त्यावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि मगाशी नाकारलेलं पाणी मागून घेतलं. ते प्यायला त्यांनी फार वेळ लावला.

"आन नऊ पोरी..." ते स्वतःशीच म्हणाले. मग जिन्याकडं बघत, आवाज खाली, अगदी खाली, मेडिकलात सगळ्यांचा होतो तसा. "डाक्टरबाई वर हायत का?"

"आहेत की," प्रभुलिंग म्हणाला.

"हिच्या आईला... चार म्हैनं झालं. आंगावरनं जातंय. कंबर धरून बसती. मी म्हनलं दाखव, तर म्हनती, बाप्या डाक्टरला काय दावू? मला तरी काय बोलाय येतंय त्यातलं..." टोपीची कड बोटांत फिरत राहिली. "इद्यार्थी न्हाय ती. चालंल का?"

मला माहीतच नव्हतं. दर रविवारी फोनवर आई विचारायची, जेवलीस का. मी नवांच्या चिठ्ठ्या वाचत होते आणि तिला कधी विचारलं नव्हतं.

"चालेल," डॉक्टरबाई जिन्याच्या टोकावरून म्हणाल्या. "पण तिला स्वतः आणा. नवऱ्याला तपासून मला काय कळणार?"

अण्णा उठले. टोपी घातली. प्रभुलिंगच्या जवळ जाऊन म्हणाले, "ह्ये कुनाला सांगू नगंस."

"काय काका? तुम्ही तर पाणी प्यायला आला होतात."

अण्णांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. नजरेचा काटा कुठं थांबला ते काही त्यांनी सांगितलं नाही. मग माझ्याकडे वळले. "परीक्षा कवा हाय?"

"मार्चमध्ये."

"मग हितं काय उभारलीस? जा की अभ्यासाला."

*

पुढच्या बुधवारी जिन्यावर पाच जणी होत्या. सगळ्या आमच्याच. वैदेहीनं आणल्या. रक्त कमी झालंय, हार्मोनचं गणित बिघडलंय, सोनोग्राफी सिव्हिलला करून घे, असं तिला सांगितलं होतं आणि तिनं ते सगळं होस्टेलच्या जेवणात वरण वाढता वाढता सांगून टाकलं. त्याच्या पुढच्या बुधवारी अकरा, त्यात दोन मुलगे, कॅलेंडर न वाचता बसलेले. आई आली, नवी साडी नेसून, एसटीनं. अण्णा खाली दुकानात बसून राहिले आणि अप्पांबरोबर उसाच्या भावावर बोलले. आईला औषध लागू पडलं.

सगळं छान झालं. फक्त एक घोटाळा झाला. माझ्या उशीखाली आता एकही चिठ्ठी नव्हती. जिची तिची खरेदी जिनं तिनं करायला सुरुवात केली. आणि मग माझ्या ध्यानात आलं की मेडिकलात जायला मला काही कारणच उरलेलं नाही.

लिमलेटच्या गोळ्या परत? शोभलं नसतं. मी गेलेच नाही. एक आठवडा, दोन आठवडे. वैदेही औषध घेऊन यायची आणि पिशवी ठेवता ठेवता म्हणायची, "विचारत होता. तुमच्या मैत्रिणीची तब्येत बरी आहे ना?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, बरी नाही. कसला आजार ते मी सांगणार नाही. तुमच्याकडूनच शिकलेय."

अठराव्या दिवशी, संध्याकाळी सहाला, मी गेले. दुकान भरलेलं. इन्सुलिनवाल्या आजी, ताप आलेलं बाळ आणि त्याची आई, आणि एक काका डोक्यावरचं हेल्मेटसुद्धा न काढता कोपऱ्यात उभे, गर्दी कमी व्हायची वाट बघत. असल्या वाट बघणाऱ्यांना मी लांबून ओळखते.

प्रभुलिंगनं मला पाहिलं आणि आजींना चुकीचे सुट्टे पैसे दिले.

"काय पाहिजे?"

"काही नको. एक विचारायचं होतं."

"विचारा."

"त्या दिवशी अण्णा आले तेव्हा तुम्हाला वाटत होतं, सगळं माझ्यासाठीच आहे. पट्टी, पाकीट, गोळ्या. सगळं."

"हो."

"आणि तरी चार दिवस डॉक्टरबाईंच्या मागे फिरलात. तरी अण्णांना तसं म्हणालात."

"तरी म्हणजे?" त्याला खरंच कळलं नाही. मग कळलं, आणि तो हसला. "गोळ्यांवरनं माणूस कळत असता तर अप्पांना आख्खं सोलापूर कळलं असतं. मला एवढंच कळत होतं की तुम्ही आलात की दुकान उजळतं. आणि यायच्या थांबलात की..." त्यानं काउंटरवर दोन्ही तळवे टेकवले. ज्याचा आवाज मी आजवर कधी चढलेला ऐकला नव्हता, तो सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा म्हणाला, "मला तुम्ही आवडता. फार आवडता."

ताप आलेलं बाळ रडायचं थांबलं. आजींनी पिशवी छातीशी धरली. अप्पा गल्ल्यात तोंड घालून दहाच्या नोटा सरळ करू लागले.

आणि कोपऱ्यातून हेल्मेटवाले काका म्हणाले, "हितं सगळंच उघड चाललंय, तर मला पण ते कंडोमचं पाकीट देऊन टाका राव. अर्धा तास झाला उभारलोय."

मग जे हसू फुटलं! आजी हसल्या, बाळाची आई हसली, काका स्वतः हेल्मेटच्या आतून हसले. एकटा प्रभुलिंग हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता, निकाल लागायची वाट बघावी तसा.

मी काउंटरची फळी उचलली आणि पलीकडे गेले. मधलं ते एक फूट आता उरलं नव्हतं.

"काकांचं आधी दे," मी म्हटलं. "मग आपण तलावाकडे जाऊ. मला पण तुला काहीतरी सांगायचंय... पण एवढ्या माणसांत सांगायला मला लाज वाटते."

हे मी इतक्या हळू म्हणाले, की ऐकायला त्याला माझ्यापर्यंत वाकावं लागलं.